गॅलरीतली सतरंजी

इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझी पाळी आलेली सगळ्यांना कळायची. दोन खोल्यांच्या घरात बाजूला बसायला जागा नव्हती, म्हणून सासूबाईंनी गॅलरी नेमून दिली होती. निळ्या पट्ट्यांची एक सतरंजी, एक तांब्या, एक ताट. चार दिवस कामावरून आले की मी त्या सतरंजीवर. समोरच्या विंगमधल्या बायका कपडे वाळत घालता घालता तेवढ्यात नजर टाकून घ्यायच्या. मला त्याचा संताप यायचा, आणि मी बसायचेही. दोन्ही खरं आहे.

सासूबाई देवळ्याच्या. शेती थोरल्या दिरांकडे सोपवून त्या माझी मुलगी झाल्यापासून आमच्याकडेच होत्या. मुलगी तीन वर्षांची झाली तशी दुसऱ्याची, म्हणजे मुलाची, वाट पाहणं सुरू झालं. त्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की मी दोन वर्षं सरकारी पाकिटातल्या गोळ्या घेत होते. एकवीस पांढऱ्या, सात तपकिरी. पाकीट शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली असायचं. नवऱ्याला माहीत होतं. पाकिटं तोच आणायचा, पण लांबच्या दुकानातून, जिथे त्याला कुणी ओळखत नसे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी पावसाळ्यात मला अंबडच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. सहा महिने बघू, मग कायम करू, असं साहेबांनी सांगितलं होतं. माझ्या आधी त्या जागेवर जी बाई होती तिला नोकरीच्या चौथ्या महिन्यात दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात तिची खुर्ची रिकामी झाली. मला हे पहिल्याच दिवशी डबा खाताना सांगण्यात आलं. आपुलकीनं सांगितलं की धमकी म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

घट आमच्याकडे बसायचे. नवरात्राच्या चार दिवस आधी सासूबाईंनी माझ्या हातात गोळ्यांची एक पट्टी ठेवली. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. सगळ्याच घरांत घेत, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. "दिसातून तीनदा घे. मागल्या साली तू बसली बाहेर आन् घटाला पानी मले एकलीले घालावं लागलं." आता यांना काय सांगणार, की आई, मी आधीच एक घेतेय? मी पट्टी घेतली आणि तीनदा गिळू लागले. मशीनच्या खणातली रात्रीची गोळीही चालूच होती.

दसरा झाला. ढकलायच्या गोळ्या थांबवल्या. दोन-चार दिवसांत येईल म्हणून मी वाट बघितली. आठ दिवस गेले. पंधरा गेले. गॅलरीत सतरंजी आली नाही हे आधी सासूबाईंनी हेरलं, मग समोरच्या विंगनं. दिवाळीचा चिवडा करताना सासूबाईंनी कढई माझ्या हातातून काढून घेतली. "तू बस. वास लागंल." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला त्यांची दया आली आणि दुसऱ्याच क्षणी रागही आला. शेजारणीनं तर फराळाच्या ताटात लोणच्याची फोड वेगळी ठेवून पाठवली.

मी घाबरले होते, हे सरळ सांगते. कारखान्यात एकाच नमुन्याचा पीएच मी तीनतीनदा मोजायचे. गोळ्यांनी दगा दिला असं धरून चालले होते. पोटात खरंच कुणी असेल तर त्याला या गोळ्या बाधतील का, बंद कराव्यात का, आणि बंद केल्या नि कुणी नसलंच तर? या गुंत्यात मी रोज रात्री गोळी हातात घेऊन उभी राहायचे आणि शेवटी घ्यायचेच. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "असेल तर असेल. एवढं काय त्यात?" एवढं काय! माझी खुर्ची, माझा पगार, माझी नऊ महिन्यांची उलटी. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी त्याच्याशी बोलणंच बंद केलं आणि एकटी द्वारका चौकाजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले.

वयस्कर बाई, तोंडानं फटकळ. लघवी तपासली. नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मग पाळी कुठे आहे?

"नवरात्रात दुसरी कसली गोळी घेतलीस का?"

"पुढे ढकलायची घेतली."

"आणि ही चालूच?"

"चालूच."

त्यांनी चष्मा काढला. "अगं, तपकिरी गोळ्यांच्या आठवड्यात पाळी यायची, तेव्हा तू ती ढकललीस. ढकलणं थांबवलंस, तोवर पांढऱ्या पुन्हा सुरू, आणि त्या चालू असताना पाळी येत नाही. तिनं यायचं कधी? शिकलीस काय तू?"

"केमिस्ट्री," मी म्हटलं.

त्या मोठ्यानं हसल्या. मलाही हसू फुटलं आणि मग तिथेच रडू आलं. एक गोळी संसाराची, एक देवाची. दोन्ही एकाच पोटात जातात हे माझ्या बीएस्सी झालेल्या डोक्यात आलंच नव्हतं.

तपकिरी गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी पाळी आली. संध्याकाळी घरी आले तर सासूबाई माझ्यासाठी बाजेवर उशी ठेवत होत्या. मी म्हटलं, "आई, पाळी आलीय. दिवस नव्हतेच गेले. मी दोन वर्षं गोळ्या घेतेय, आणि पुढेही घेणार आहे. नोकरी कायम होऊ दे, मग दुसऱ्याचं आम्ही बघू." नवरा पेपरात तोंड घालून बसला. सासूबाईंनी उशी परत कपाटात ठेवली, सतरंजी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"नाही," मी म्हटलं. "आजपासून नाही." आणि हातपाय धुऊन भाकरी थापायला बसले.

त्या रात्री त्यांनी माझ्या हातचं खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही केळी आणि शेंगदाण्यांवर राहिल्या. मीही विनवलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताट ओढून घेतलं, अर्धी भाकरी खाल्ली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मले सात झाले. दोन गेले. पाह्यजे का म्हनून कोनी इचारलं नाय." मी त्यांना आणखी भाजी वाढली.

समोरच्या विंगला मात्र कुणी काही सांगितलं नाही. सतरंजी दिसत नाही म्हणजे गोड बातमी पक्की, असं धरून तिथल्या बायका डिसेंबरभर माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. मी मुद्दाम ताठ चालायचे.

डिसेंबर संपता संपता कायम झाल्याचं पत्र मिळालं. त्या रविवारी सकाळी मी कपाटातून निळ्या पट्ट्यांची सतरंजी काढली, गॅलरीत अंथरली आणि सगळ्या बिल्डिंगसमोर चहाचा कप घेऊन बसले. समोर दोन बायका कपडे हातात धरून थबकल्या. सासूबाई आपला कप घेऊन दारात आल्या. "आली का?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते मी आता कुणाला सांगणार नाही, आई. तुम्हालाही नाही."

त्या उंबऱ्यात तशाच उभ्या राहिल्या. समोर बघितलं, सतरंजीकडे बघितलं. मग पदर खोचला आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या.