आधी घोड्या, मग पाणी

मुक्कामाला पोचल्यावर गणपतकाका आधी पाणी प्यायचे नाहीत. जीप थांबली की चपला काढून सगळ्या जागेवर अनवाणी फिरायचे. काच, खिळा, तारेचा तुकडा, पायाला लागेल ते उचलून खिशात. "मला टोचलं तर मी ओरडीन. ती कुणाला सांगणार?" मग दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर दोरखंड ताणायचे, त्याला दोन्ही घोड्या बांधायचे आणि प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघायचे. त्यानंतर तांब्या तोंडाला.

ते मूळचे रोह्याकडचे. नव्वदच्या सुमारास आम्ही दादरहून मीरा रोडला आलो, तेव्हा आमच्या बिल्डिंगमागे त्यांचा तबेला होता. लग्नसराईत वराती, सुट्टीत पालीजवळ शाळकरी मुलांचा कॅम्प. जीपमागे लोखंडी ट्रॉली जोडून ते घोड्या तिथे न्यायचे. मुलं इंग्रजीत बोलायची, म्हणून त्यांनी बाबांकडे मला मागितलं. "पोरांशी तू बोल, घोड्यांशी मी बोलतो." मी कॉलेजात होते आणि शक्यतो कुणाशीच बोलत नसे.

पहिल्याच दुपारी, मुलं यायच्या आधी, काका विहिरीवर पाणी आणायला गेले. दोघींपैकी चंद्री ही घोडी गाभण होती. समोरच्या हिरव्या गवताकडे मान ताणत होती, पण दोर पुरत नव्हता. मला तिची दया आली. मी काकांची गाठ सोडली, दोर हातभर लांब केला आणि सुटू नये म्हणून गाठीवर गाठ मारली.

तिने मान खाली घातली, दोर सैल पडला, आणि पुढचा पाय त्यात गेला. ती उधळली. तशी गाठ आणखी करकचली. मी नखांनी ओढत राहिले, ती सुटेना. चंद्री एका बाजूला कलायला लागली. ती पडली असती तर पाय गेला असता, पोटातलं पिल्लूही.

"काका!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी कधीच कुणाला हाक मारली नव्हती.

काका बादली टाकून धावत आले. "हो, हो, चंद्रे, हो माझी बाय," म्हणत तिच्या खांद्याला टेकले आणि कोयत्याने दोर कापला. पाय सोलवटला होता, मोडला नव्हता.

आता ते मला घरी पाठवणार, असं वाटून मी पिशवी उचलली. त्यांनी नवा दोर माझ्या हातात दिला.

"रडून झालं की बांध. दोर किती? तोंड गवताच्या पेंढीला पोचेल, पाय दोरात जाणार नाही एवढाच. आणि गाठ मारताना आधी बघायचं, सुटणार कशी."

"पुन्हा चुकलं तर?"

"आवाज आहे की तुला. आत्ता ऐकला ना मी."

एक टोक ओढताच सुटणारी गाठ मी सात वेळा मारली. त्यांनी ती दोनदा ओढून पाहिली, बादली उचलली आणि मला तिथेच ठेवून ते पुन्हा विहिरीवर गेले.

चंद्रीला शिंगरू झालं. पुढे चार वर्षं मी त्या कॅम्पला गेले. मग तबेल्याच्या जागेवर बिल्डिंग उठली आणि काका गावी निघाले. मी निरोप द्यायला गेले, तर ट्रॉली उघडी होती.

"घोड्या बांध गं," ते लांबूनच म्हणाले.

मी दोघींना आत नेऊन बांधलं आणि बाजूला झाले, म्हणजे त्यांना गाठी ओढून बघता येतील. वळून पाहिलं, तर काका पायरीवर बसून तांब्याने पाणी पीत होते.