मोबाईलमधला तबला

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं. माझी गाडी फाटकाबाहेर निघेना, म्हणून ऑफिसला फोन करून आज येत नाही असं सांगितलं. साहेबांनीही फार विचारलं नाही, अर्धं ऑफिस तसंही आलेलं नव्हतं.

आम्ही सक्करदऱ्याच्या मागच्या बाजूला राहतो. घर आम्ही दोघा भावांनी मिळून बांधलं. खाली दादा-वहिनी, वर मी आणि माझी बायको. दोन्हीकडची मुलं नोकरीपायी बाहेरगावी. वर यायचा जिना घराबाहेरून आहे आणि उघडा आहे, त्यामुळे पावसात स्वतःच्याच घरात वरून खाली जायलाही छत्री लागते.

दादा पेटी वाजवतो, मी तबला. दादा शाळेत गणित शिकवून निवृत्त झाला, मी अजून तहसील ऑफिसात कारकून आहे. लहानपणी मोहल्ल्यातल्या एका गुरुजींकडे आम्हाला एकाच दिवशी घातलं होतं. तिथे शिकणाऱ्यांसाठी पेटी एकच होती, ती दादाने आधी धरली. मग धाकट्याने तबल्यावर बसावं असं ठरलं. मला कोणी विचारलं नाही. पुढे तबला आवडायला लागला हे खरं, पण पहिले काही महिने मी ठेका धरायचो तो दादाच्या बोटांकडे बघत.

या घरात राहायला आल्यापासून आमचा रविवार ठरलेला. नाश्ता झाला की मी डग्गा-तबला काखोटीला मारून खाली उतरायचो, दादा पेटीचा भाता सोडायचा, आणि वहिनी जेवायला हाक मारेपर्यंत आमचं चालायचं. तीसेक वर्षं हे असंच चाललं. कॉलनीच्या गणपतीत, कोजागिरीला, कोणाच्या घरच्या पूजेला आम्ही दोघं बसायचो. तालाची पहिली मात्रा म्हणजे सम, तिथून निघायचं आणि फिरून तिथेच यायचं. आम्ही दोघं समेवर एकदम येऊन पडलो की दादा डोळे मिटूनच मान हलवायचा. ऑफिसात माझं कौतुक करणारं कोणी नव्हतं. बढतीही जी मिळाली ती वयाने मिळाली. आठवड्यातून एकदा दादाची ती मान हलली की मला पुरायचं.

त्याआधीच्या दिवाळीपासून मात्र रविवार गळायला लागले होते. कधी दादाचा गुडघा दुखायचा, कधी वहिनींच्या माहेरचं कोणी यायचं. एकदा तर तो म्हणाला की पेटीचा एक सूर अडकतो आहे, दुरुस्तीला टाकायची आहे. मग शहरातल्या निवृत्त मंडळींच्या एका कार्यक्रमात त्याला पेटी वाजवायला बोलावलं. तबलजी त्यांनी आधीच ठरवला आहे, असं त्याने मला जिन्यात उभ्याउभ्या सांगितलं. वाईट वाटलं, पण मी विश्वास ठेवला. आपल्या मोठ्या भावावर कोणी कशाला शंका घेतं?

तर त्या दिवशी मी घरी होतो. बायको स्वयंपाकघरात होती, लाईन सकाळपासून नव्हती, त्यामुळे टीव्ही नाही, पंखा नाही. तबला काढून पाहिला. दमट हवेने वरची चामड्याची पुडी सैल पडली होती, थाप दिली तर भिजल्या पुठ्ठ्यासारखा आवाज. हातोडीने ठोकून तो सुरात आणायला बसलो. तेवढ्यात खालून पेटी ऐकू आली. मला बरं वाटलं. म्हटलं, दादाचा गुडघा आज बरा दिसतो, पेटीही दुरुस्त होऊन आलेली दिसते, आता खाली जावं. आणि मग पेटीच्या मागे तबला ऐकू आला.

आधी वाटलं, भास आहे. खिडकी उघडली तर स्पष्टच. तीनताल, मध्य लय, हात चांगला स्वच्छ. एवढ्या पावसात, एवढ्या पाण्यातून दादाकडे कोण तबलजी आला? आणि मी वर बसलेलो असताना? हातोडी तशीच ठेवून मी जिना उतरलो. छत्री घ्यायचंही सुचलं नाही.

जोतं उंच असल्यामुळे पाणी अंगणातच थांबलं होतं. दादाच्या दाराशी मी आधी चपला बघितल्या. दादाच्या, वहिनींच्या, बाकी कोणाच्या नाही. आतमध्ये तबला सुरूच.

दार लोटलेलंच होतं. दादा खिडकीजवळ सतरंजीवर पेटी घेऊन बसला होता. समोर स्टीलच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला, आणि तबला त्यातून वाजत होता. वहिनी बाजूच्या खुर्चीवर मेथी निवडत होत्या. त्यांनीच मला आधी पाहिलं आणि दादाला हात लावला.

"कोण वाजवून राहिलं दादा?" मी विचारलं. दिसत होतं तरी विचारलं.

दादाने घाईने मोबाईल बंद केला. "कोणी नाही गा. आता हे मोबाईलमध्ये येते."

मग त्याने मला ते ॲप कसं चालतं ते समजावून सांगायला सुरुवात केली. ताल कुठला ते निवडायचं, पट्टी लावायची, लय किती ठेवायची त्याचा आकडा टाकायचा. शाळेत गणित समजावून सांगावं तसं तो सांगत होता, माझ्याकडे न बघता. वहिनी चहा ठेवते म्हणून उठून गेल्या. मी ओला, दारातच उभा. म्हटलं, मी वरच होतो, एक हाक मारली असती तर आलो असतो.

दादा बराच वेळ पेटीच्या पट्ट्या पुसत राहिला. मग म्हणाला, "तू पळतो गा."

मला कळलं नाही.

"लय पळवतो तू. आजची गोष्ट नाही, पहिल्यापासून. मले तुझ्यामागं धावा लागते. आता दम नाही राहिला."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? तुझ्याजवळ तेवढंच तर एक होतं."

हे तो रागाने बोलला असता तर मला चाललं असतं. तो अगदी मायेने बोलला.

मी वर गेलो, डग्गा-तबला प्लास्टिकच्या मेणकापडात गुंडाळला आणि खाली आणला. दादाला म्हटलं, लाव तुझं मशीन, मी त्याच्यासोबत वाजवतो. त्याच ॲपमध्ये तबलजींसाठी लेहरा होता, म्हणजे पेटीवरची एकच ओळ सोळा मात्रांत फिरत राहते आणि तबलजीने तिच्यावर आपला ताल धरायचा. दादा नको नको म्हणत होता. मी हट्टाला पेटलो तेव्हा त्याने लावून दिला.

पहिलं आवर्तन बरोबर आलं, दुसरंही. मला आतून जोर चढला. चौथ्या का पाचव्या आवर्तनाला मी समेवर थाप मारली, आणि लेहरा अजून तिथे पोचलाच नव्हता. तो आपल्या चालीने येत होता. मी हात आवरून पुन्हा धरला, पुन्हा तेच. त्या ओळीला माझी काही पडलेली नव्हती. ती माझ्यासाठी भरभर येणार नव्हती. दादा मान खाली घालून बसला होता आणि त्याचं बोट गुडघ्यावर हलत होतं, तेही मशीनच्या लयीत.

तेव्हा मला कळलं की तीस वर्षं आम्ही समेवर एकदम येत नव्हतो. मी आधी पोचायचो, आणि दादा धावत येऊन मला गाठायचा, आणि वर मान हलवायचा.

आज कोणी ऐकलं तर म्हणेल, केवढं हे भावाचं प्रेम. मला त्या क्षणी प्रेमबिम काही दिसलं नाही. शिकाऊ पोराची पाठ थोपटावी तशी त्याने माझी पाठ थोपटली होती, आणि मी पन्नाशी ओलांडेपर्यंत ती थाप खरी समजून घरी नेत होतो. पहिल्या वर्षीच एकदा टोकलं असतं तर मी सुधारलो असतो, नाहीतर सोडलं तरी असतं. मी तबला उचलला आणि म्हणालो, "मग आता मोबाईललेच भाऊ म्हण." वहिनी चहाचे कप घेऊन तेवढ्यात बाहेर आल्या होत्या. त्यांनी ऐकलं. चहा न घेता मी वर आलो.

वर बायकोला सगळं सांगितलं. तिला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. ती पोळ्या लाटत होती, ते न थांबवता म्हणाली, "मले माहीत होतं. वहिनी बोलल्या होत्या मागं." किती मागे, असं विचारलं तर म्हणाली, असतील चार-पाच वर्षं. म्हणजे जेवायच्या टेबलाशी बसून मी आमच्या रविवारच्या गोष्टी सांगायचो तेव्हा हीसुद्धा ऐकून घ्यायची. त्या दिवशी मी जेवलो नाही. संध्याकाळी लाईन आली, गल्लीतलं पाणी उतरलं, लोक घरातला चिखल बाहेर लोटायला लागले. दादाही खाली झाडू घेऊन अंगण साफ करत होता. दरवेळी आम्ही दोघं मिळून करायचो. मी गॅलरीतून बघितलं आणि आत आलो.

पुढच्या रविवारी त्याने खालून हाक मारली. मी अंगात कणकण आहे म्हणालो. त्याच्या पुढच्या रविवारी हाक आली नाही.

तबल्याला मी महिनाभर हात लावला नाही. मग तेच ॲप माझ्या मोबाईलमध्ये टाकून घेतलं. रोज ऑफिसातून आलो की दार लावून लेहऱ्यासोबत बसतो. सुरुवातीला सहा आवर्तनांच्या पुढे जाता येत नव्हतं. हात आपोआप पुढे जायचा, जसं उतारावर पाऊल जातं. आता अर्धा तास टिकतो. पन्नाशीनंतर एवढं जमलं, म्हणजे विशीत नक्की जमलं असतं. हा हिशेब मी रोज करतो आणि रोज दादाचा राग येतो. खाली त्याची पेटी वाजते, मोबाईलसोबत. मला त्याची पेटी ऐकू येते तसा माझा तबलाही त्याला ऐकू जात असणार.

गेल्या महिन्यात सकाळी मी गाडी काढत होतो. दादा फाटकाशी झाडांना पाणी घालत होता. पायपाची धार बाजूला करून म्हणाला, "आता पळत नाही तू."

तो इतका म्हणाला आणि थांबला. मी काहीतरी म्हणेन म्हणून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की बरेच दिवस हे बोलायचं त्याच्या मनात होतं.

"ऑफिसले उशीर होऊन राहिला," मी म्हणालो आणि गाडी सुरू केली. उशीर झालेला नव्हता. कोपऱ्यावर वळताना आरशात पाहिलं, तो एका हातात पाईप धरून दुसऱ्या हाताने फाटक लावत होता.