आता ते वाट बघत्याल

मिरजेच्या दवाखान्यात माझ्या वडिलांच्या शेजारच्या खाटेवर कराडकडचे एक म्हातारे ट्रक ड्रायव्हर होते. त्यांच्या बायकोचं नाव मी कधी विचारलं नाही. ती रोज सकाळी नवऱ्याचे केस विंचरायची आणि ओळींवरून बोट फिरवत त्यांना बायबल वाचून दाखवायची.

एका दुपारी ते गेले. तिने त्यांचे डोळे मिटले, कपाळावर ओठ टेकले. ती पोटभर रडली, पण मोडली नाही. न राहवून मी विचारलं, "मावशी, एवढं बळ कुठनं आणलंत?"

"दादा, चाळीस वर्सं हे ट्रक घिऊन जायाचे, आन् मी दारात वाट बघायची," ती म्हणाली. "आता ते प्रभूच्या घरी माझी वाट बघत्याल. भेट हुनार हाय, येवढं मला ठावं हाय."

मग पदराने तोंड पुसून ती माझ्या वडिलांच्या उशाशी आली आणि तिने त्यांच्यासाठी हात जोडून प्रार्थना केली. स्वतःचं माणूस अजून खाटेवरच होतं. मी थक्क होऊन बघत राहिलो.

ती त्यांना घेऊन घरी गेल्यावर आठवडाभर टाळलेला प्रश्न मी वडिलांना विचारला, "आण्णा, भ्या वाटतंय का?"

"वाटत हुतं," ते म्हणाले. "आता कमी हाय."