मारुतीचा गोटा आणि भ्यालेला वस्ताद

दगड चोरीला गेल्याची फिर्याद मी उभ्या नोकरीत एकदाच लिहून घेतली, आणि ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढं आहे.

परभणी जिल्ह्यात, सोनपेठच्या बाजूला एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. गोदाकाठच्या एका गावचे सरपंच आले आणि म्हणाले, मारुतीच्या देवळापुढचा गोटा नाहीसा झालाय. आमच्या हवालदारानं पेन खाली ठेवलं.

"साहेब, दगडाचा गुन्हा दाखल केला तर वरचे आपल्यालाच दगड म्हणतील."

मीही हसण्यावारी नेलं असतं, पण तो गोटा साधा नव्हता. जत्रेत जो कोणी हा गोटा खांद्यावर घेईल तो पंचक्रोशीतला पहिला पैलवान, असा तिथला रिवाज. गुळगुळीत, धरायला कुठं कंगोरा नाही. गावच्या तालमीचे वस्ताद वीसेक वर्षं तो एकटेच उचलत आले होते. आता त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, आणि शेजारच्या गावच्या एका मेंढपाळाच्या मुलानं देवळात सगळ्यांसमोर गोट्याचा विडा उचलला होता. विडा उचलला की माघार नाही. जो फिरला त्याला पुन्हा कोणत्याच आखाड्यात जोड मिळत नाही. अशात जत्रा चार दिवसांवर आली असताना गोटाच गायब. वस्ताद भ्याले, त्यांनीच लपवला, अशी शेजारच्या गावात बोंब उठली. दोन्हीकडची पोरं काठ्या घेऊन फिरायला लागली, तेव्हा मी गुन्हा दाखल केला.

खबर दुसऱ्या दिवशी मिळाली. आमचा एक खबऱ्या सांगू लागला, "बाजाराच्या दिवशी गाव मोकळं व्हतं बगा. वस्तादाची गाडी शेताकडं जायली व्हती. गाडीत कडबा दोनच पेंड्या, आन् बैलं लय दमायली व्हती."

मी वस्तादांना ठाण्यात बोलावलं. दारातून आत येताना ते जरा तिरपे होऊन आले, एवढी छाती. कान कुस्तीनं चुरगळलेले. समोर खुर्ची दिली तरी उभेच राहिले. मी आडवळण न घेता विचारलं, "पैलवान, वय झालं. उचलला नाही तर हसं होईल, म्हणून गोटा लपवला. खरं की नाही?"

ते म्हणाले, "लिहा साहेब. मी भ्यालो."

इतक्या सोप्या कबुलीवर मी सहसा विश्वास ठेवत नाही, पण त्या दिवशी ठेवला. अंगावर वर्दी असली की समोरच्याला घाबरलेलं बघायची सवय लागते.

तालुक्याहून दोन सरकारी पंच घेऊन आम्ही त्यांच्या शेतात गेलो. कडब्याच्या गंजीखाली गोटा निघाला. पंचनामा झाला. माझे तीन शिपाई गोट्याला भिडले, तर तो जीपच्या मागच्या फाळक्यापर्यंतही येईना. वस्तादांनी "सरा बाजूला" म्हटलं. हाताला माती चोळली, गुडघ्यांत वाकले, गोटा आधी मांडीवर घेतला, तिथून छातीवर आणि मग खांद्यावर. तसेच चार पावलं चालले आणि अंड्यासारखा अलगद जीपमध्ये ठेवला.

शिपाई बघतच राहिले. माझा मात्र चेहरा उतरला. ज्याला उचलता येतो, तो लपवील कशाला?

बाकीच्यांना जीपकडं पाठवून मी वस्तादांजवळ बांधावर बसलो.

"कोणाला सांगनार न्हाई म्हना," ते म्हणाले. मी शब्द दिला.

"त्या पोराला हर्निया हाय. डाक्टरनं वजनाला हात लावू नको म्हनलंय. पर विडा उचलून बसलंय. मी समजवायला गेलो तर म्हनलं, वस्ताद भ्याला. त्याची माय माझ्याकडं येऊन रडली. साहेब, माझा जोडीदार याच गोट्याखाली गेला. आमी दोघं एका वयाचे. आजून एक मढं न्हाई बगायचं मला."

"पण तुमचं नाव जातंय."

"जाऊ द्या. खरं सांगितलं तर पोरगं फिरलं म्हनतील, त्याला जोड मिळायची न्हाई. मी लय वर्षं खाल्लं त्या नावावर."

ठाण्यात आल्यावर मी गोट्याला चिठ्ठी डकवली आणि मुद्देमालात जमा केला. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटत नाही आणि कोर्टाचा हुकूम काही चार दिवसांत येत नाही. कायद्याच्या संथपणाचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

जत्रेत मी बंदोबस्ताला होतो. वस्ताद देवळाच्या पायरीवर बसले होते. तो मुलगा गर्दीतून पुढं आला आणि त्यानं हिरव्या बांगड्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या. लोक हसले. मी दोन पावलं पुढं गेलो. वस्तादांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, आणि बांगड्या फुटू नयेत म्हणून पागोट्याच्या टोकात बांधून घेतल्या. शब्द दिला नसता तर बरं झालं असतं, असं तेव्हा मला मनापासून वाटलं.

विड्याची वेळ टळली, तसं महिन्याभरात परभणीला त्या मुलाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्याच्या आईनं त्याला सगळं सांगितलं. सरपंचांनी कोर्टात तडजोड केली आणि गोटा गावाला परत मिळाला.

स्वतःला वाचवायला खोटं बोलणारे मी शेकड्यांनी पाहिले. स्वतःला बुडवायला खोटं बोलणारा हा एकच. तेव्हापासून कबुली ऐकली की आधी विचार करतो, हिनं भलं कोणाचं होतंय?

वस्ताद आता थकले आहेत. तालीम तोच मुलगा चालवतो. हे लिहू का, असं वस्तादांना विचारलं तर ते "पोराला इचारा" म्हणाले, म्हणून परवा मी त्याला फोन केला.

तो म्हणाला, "लिहा साहेब. बांगड्या मी ठिवल्या, ते बी लिहा."