खांद्यावरची पोर

धाकट्या बहिणीचं पुस्तक आलं तेव्हा माझ्या पोटात दुखलं, हे आधीच सांगून टाकते. उगाच कौतुकाचा आव कशाला आणू? जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेली साठीची बाई मी, आणि सख्ख्या बहिणीचा पेपरातला फोटो बघून मला दुपारची भाकरी गोड लागेना.

पुस्तक आमच्याच घराचं. वडील मेंढरं राखायचे. दुष्काळात कळप विकला आणि ते सोलापूरला येऊन गिरणीत लागले. कुणाच्या रानात कळप बसायचा, कुठली विहीर आधी आटली, गिरणीत पहिलं काम कोणतं मिळालं, हे सगळं म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मागे लागून मी वर्षानुवर्षं वह्यांत उतरवलं होतं. धाकटीनं वह्या मागितल्या, मी दिल्या. "ताई, थोडं आठवणीतलं, थोडं तुझ्या वह्यांतलं, बाकीचं मी रचणार," असं तिनं तेव्हाच सांगितलं होतं. रचून रचून काय रचणार, असं मला वाटलं.

तिनं मलाच काढून टाकलं.

मोहोळकडच्या रानातून शेवटचं निघताना वडिलांच्या काखेत एक कोकरू होतं आणि खांद्यावर दोन वर्षांची पोर. ती पोर मी. धाकटी तर पुढं सोलापुरात, गिरणीच्या चाळीत जन्मली. पण पुस्तकात खांद्यावरून रस्ता बघणारी 'मी' म्हणजे ती. आणि लोक नेमके त्याच पानावर डोळे पुसतात. बार्शीच्या कार्यक्रमात तिनं तेच पान वाचलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते, हात जळत होते तरी.

घरी येऊन मी पुस्तक पुन्हा वाचलं, चुका काढायलाच. आणि सापडली की एक! पेरणीआधी मोकळ्या रानात कळप मुक्कामाला बसवतात, लेंड्यांचं खत पडतं आणि शेतकरी बदल्यात धान्य देतो. हिनं मेंढरं बसवली होती उभ्या ज्वारीत. मी लाल पेनानं रेघ ओढली आणि तडक आईकडे गेले. आई धाकटीकडे राहते. धाकटी कॉलेजात शिकवायला गेलेली, घरात आई एकटीच शेंगा फोडत बसली होती.

मी ते वाक्य वाचून दाखवलं. आई खो खो हसली.

"उभ्या ज्वारीत? आगं, मालक कुराड घिऊन धावला आसता की!"

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, हीच माझी साक्षीदार. लगेच पुढचं पान उलटलं आणि खांद्यावरचा प्रसंग वाचला.

"ह्ये मातर खरं हाय," आई म्हणाली. "लई रडत हुती ती. कोकरू बी वरडायचं, ही बी वरडायची."

"आई, धाकटी झाली नव्हती तेव्हा. ती चाळीत झाली."

आईनं शेंग तशीच हातात धरली. "मग माज्या डोळ्याम्होरं कशी दिसतीया ती?"

धाकटी तिला रोज संध्याकाळी पुस्तक वाचून दाखवते, हे मला माहीत होतं. तरी मी हट्टानं विचारलं, "आणि मी कुठं होते मग?"

"तू? तू मागनं चालत हुतीस की. थोरली न्हवं का तू!"

दोन वर्षांची पोर मोहोळपासून चालत येईल होय? मी भांडायला तोंड उघडलं. वहीत लिहिलंय म्हणणार होते. पण वहीत तरी खांद्यावरच्या त्या ओळीपुढं माझ्याच अक्षरात काय होतं? 'आईने सांगितले.'

मी पुस्तक मिटलं आणि आईबरोबर शेंगा फोडायला बसले. खांद्यावर बसल्याचं मला स्वतःला कधीच आठवत नव्हतं. आईला आठवत होतं, तेवढंच माझ्याकडे होतं.