भाड्याच्या घरातली दुसरी पिशवी

तिला सगळे सुकीताई म्हणत. सुका कचरा वेगळा ठेवा, हे दारोदार सांगत फिरणं तिचं काम. त्यावरून कुणीतरी खोडसाळपणे ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि वाट्याला आलेल्या इमारती सगळ्या भाडेकरूंच्या, लिफ्ट नसलेल्या. स्वतःचं घर असलेली माणसं निदान ऐकून तरी घेतात, असं दुसऱ्या इमारतींत फिरणाऱ्या बायका सांगत. भाडेकरू अर्धं दार उघडून म्हणत, "आमचं काय ताई, आज इथं, उद्या तिथं. मालकांना सांगा."

मालकांना सांगावं तर ते म्हणत, "सांगून सांगून थकलो. एकाला शिकवावं तोवर तो घर सोडतो. सगळं पालथ्या घड्यावर पाणी." त्यातल्या एका इमारतीच्या मालकांनी तर कंटाळून सुक्या कचऱ्याचे डबे जिन्याखालच्या खोलीत ढकलून वर कुलूप घातलं होतं. हे तिला कळलं ते तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याकडून.

"वेगळा करा म्हणालात, केला," मशीनवरून मान न उचलता तो म्हणाला. "चिंध्या, पुठ्ठे, सगळं वेगळं. खाली नेलं तर खोलीला कुलूप. आता ठेवू कुठे, डोक्यावर?"

ती जिना उतरली. मालकांना कुलूप काढायला सांगितलं, तर ते "बघू" म्हणाले. बघू म्हणजे काय, ते तिला पुरतं ठाऊक होतं.

त्याच सुमारास तिच्या घरमालकिणीने खोली रिकामी करायला सांगितलं. लेक परत यायची होती म्हणे. आजवर किती खोल्या बदलल्या, हे मोजणं तिने कधीच सोडलं होतं. नवरा टेम्पो चालवायचा. तो म्हणाला, "लोकांचं सामान वाहतोच, आपलंही वाहू."

सामान हलवलं त्या संध्याकाळी नव्या जागेत पाय ठेवायला जागा उरली नाही. फाटकी खोकी, फुटलेली बरणी, कागदाचे बोळे, त्यातच सांडलेली भाजी. डबे कुठे, कुणाला विचारायचं, काही पत्ता नाही. शेजारची दारं बंद. तिने एक मोठी पिशवी घेतली, सगळं त्यात कोंबलं आणि वर गाठ मारली.

नवरा बघत होता. "सुकीताई, हे काय?"

"गप्प बसा हो," ती म्हणाली आणि दोघंही हसली.

पिशवी कोपऱ्यावर टाकून आल्यावर मात्र ती भिंतीला टेकून बसली ती बराच वेळ उठली नाही. अर्धी दारं उघडणारे एकेक चेहरे डोळ्यांपुढे येत राहिले. इतकी वर्षं ती त्यांना मनातल्या मनात आळशी म्हणत आली होती.

दुसऱ्या दिवशी ती मालकांपुढे जाऊन उभी राहिली. "कुलूप काढा. डब्यांत घाण झाली तर मी निस्तरीन."

"तुम्ही कुठवर पुरणार?"

"गुडघे पुरतील तिथवर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी किल्ली काढली.

तेव्हापासून नवं बिऱ्हाड आलं की वॉचमन तिला कळवायचा. ती कचऱ्याच्या नियमांचं पत्रक न घेताच जायची. खोक्यावर टेकायची, पाणी किती वाजता येतं, मीटर कुठे आहे, गॅसवाला कोण, हे सांगायची. मग उठता उठता, "आणि सुका कचरा जिन्याखाली बरं का." सगळ्यांनी ऐकलं असं नाही. दुसऱ्या मजल्यावरची पोरं उरलेल्या जेवणाचे डबे तसेच पुठ्ठ्यांत टाकायची. ते उचलताना तिला रोज वाटे, सोडून द्यावं हे काम.

मग शिंपी गेला. त्याला स्वस्त जागा मिळाली. बाकी कुणी करो न करो, तो नेमाने पिशवी खाली आणायचा. त्याच्या जागी एक नर्स आली. आता पुन्हा पहिल्यापासून, असं म्हणत सुकीताई तीन मजले चढली.

नर्स ड्यूटीवरून नुकतीच आलेली, डोळे तांबारलेले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समोरच्या आजींनी सांगितलं मला. पिशवीपण त्यांनीच दिली."

समोरच्या आजींनी सुकीताईला आजवर एकदाही आत घेतलं नव्हतं. आताही दार बंदच होतं, आतून टीव्हीचा आवाज येत होता. ती बेलपाशी गेली, पण दाबली नाही. चौथा मजला अजून राहिला होता. ती जिन्याच्या पायरीवर बसली, गुडघा चोळला आणि थोड्या वेळाने कठड्याला धरून उठली.