संगीताच्या स्क्रीनचा मालक

परभणीच्या आमच्या रेशनकार्ड कॉम्प्युटर विभागातले किस्से मी सांगायला लागलो की मित्र पोट धरून हसतात. माझं हसू मात्र हल्ली अर्ध्यातच थांबतं. तरी किस्से साचतच जातात. एक विसरावा म्हटलं की दुसरा हजर!

*

प्रत्येक गावाला आकडी कोड होता. तो जाडजूड रजिस्टरात शोधायचा. एकदा कोड चुकला आणि अख्खं चुडावा गाव कागदोपत्री येलदरीत गेलं! तिथले एक मामा तावातावानं आले.

"धरण न्हाई, पाणी न्हाई, अन् आमाला न इचारता गाव कसं काय उठवलं हो?"

*

संगीता आमची रोजंदारीवरची ऑपरेटर. जेवणाच्या सुट्टीत खपून तिनं एक स्क्रीन बनवली. गावाचं पहिलं अक्षर दाबा, यादी समोर! एंटर मारा, काम झालं.

सगळे खूश. फक्त आमचे जुने कारकून गायकवाडकाका हिरमुसले. सगळे कोड त्यांना तोंडपाठ होते.

"लय सोपं केलंस बाई. आता मला कोण इचारायलंय?"

*

माझा वकील मित्र अन्वर म्हणाला, "यार, हिच्या नावानं पेटंटचा अर्ज टाका. मिळो न मिळो, नाव तर कागदावर राहील."

मी उसळलो! सोपेपणावर कसली मालकी? उद्या दाराच्या कडीवर हक्क सांगाल!

संगीता हळूच म्हणाली, "पण दादा, साहेब म्हणालेत, नावावर काही दिसलं तर कायम करतो."

"नाव कशाला? काम बोलेल!" मी ठणकावलं.

*

पुण्याच्या कंपनीचा माणूस स्क्रीन बघून गेला. प्रोग्रामची फ्लॉपी मीच दिली, अभिमानानं. काही महिन्यांनी त्यांचं सॉफ्टवेअर आलं. तीच स्क्रीन. वर कंपनीचं नाव, खाली 'सर्व हक्क राखीव'.

मी साहेबांच्या टेबलावर हात आपटला. साहेबांनी विचारलं,

"कागद हाय का काही?"

त्या दिवशी अन्वरनं मला चहासुद्धा विचारला नाही.

*

मग ट्रेनिंग. सगळ्या ऑपरेटरांना सक्तीचं. कंपनीच्या साहेबानं दोन तास शिकवलं, पहिलं अक्षर कसं दाबायचं ते. शेवटी विचारलं, "कुणाला काही शंका?"

संगीता उभी राहिली.

"सर, 'ज' दाबा. जिंतूर दोनदा येईल. एक पुसायचं माझ्याकडून राहून गेलं होतं."

त्यानं 'ज' दाबला. जिंतूर. खाली परत जिंतूर.

त्यानं घाईघाईनं स्क्रीन बंद केली. मग म्हणाला, "मॅडम, प्रोग्रामला हात लावायचा नाही. हक्क राखीव आहेत."

संगीता खाली बसली आणि वहीत तेवढं लिहून घेतलं, 'हक्क राखीव'.